सुरतेची मजल

सुरत आणि मुंबई ही दोन नगरे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर वसलेली आहेत, ही गोष्ट नकाशा समोर पसरून पाहिल्याखेरीज सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दोहोंचेही रेखांश पूर्व ७२ अंश ५० कलांच्या आसपास असल्यामुळे, एका गावच्या गणितावरून दुसऱ्या गावचा काळ काढताना जुन्या ज्योतिषांना जो देशांतर-संस्कार करावा लागे तो या जोडीपुरता शून्यवत ठरतो. तापीकाठच्या किल्ल्यावर सूर्य ज्या क्षणी मध्यान्हीस येतो, त्याच क्षणी तो मुंबईच्या कोटावरही आलेला असतो. विमानतळांचे गणितही याच कारणाने सोपे झाले आहे. मुंबईचा विमानतळ आणि सुरतेचा मगदल्ला-डुमसकडील विमानतळ यांच्या अक्षांशांत दोन अंश व एक-दीड कलेचा फरक आहे, आणि अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल असल्यामुळे दोहोंतील अंतर १२१ सागरी मैल, अर्थात सुमारे २२५ किलोमीटर, असे तोंडी हिशेबानेच निघते. पूर्ण वेगात जाणाऱ्या जेट विमानाला एवढा पल्ला वीस मिनिटांहून अधिक नाही. परंतु वेळापत्रकात या प्रवासासाठी तासाभराचा काळ धरावा लागतो, कारण विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर स्थिर होईपर्यंतचा सारा वेळ त्यात मोजला जातो, आणि धावपट्टीपर्यंतची चाल, वर चढण्याचा आणि खाली येण्याचा मंद वेग व मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात उतरण्याच्या पाळीसाठी घालाव्या लागणाऱ्या घिरट्या यांतच त्या तासाचा मोठा भाग खर्ची पडतो. म्हणजे त्या तासावर अंतरापेक्षा व्यवस्थेची सत्ता अधिक आहे. सुरतेच्या मार्गांचा चार शतकांचा इतिहास पाहता मला असे निश्चित वाटते की, हे नगर मराठी मुलखापासून किती दूर आहे हा प्रश्न कोसांनी वा मैलांनी कधीच सुटला नाही. ज्याच्या हाती चौक्या, उतार, जासूद आणि ऋतू होते, त्याने ते अंतर ठरविले.

मोगल अमदानीत अंतराचे परिमाण कोस. अबुल फजलने नोंदविलेला अकबरी कोस पाच हजार गजांचा होता. परंतु बादशाही दफ्तरातील कोस आणि गाडीवानाच्या तोंडचा कोस यांचा मेळ क्वचितच बसे, आणि वाटसरू आपल्या प्रवासाचा हिशेब मजलांनीच करी. एक मुक्काम उठवून दुसरा गाठावयाचा, ती एक मजल. सुरतेहून बादशाही मुलखात जाणारा राजरस्ता अहमदाबादेकडून जसा होता तसाच दुसरा बुऱ्हाणपुरावरून होता, आणि हा दुसरा बहुतांशी आजच्या खानदेशातून जात असल्यामुळे तो आपल्या अधिक आस्थेचा विषय आहे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने या वाटेवरील मुक्काम क्रमाने देऊन ठेवले आहेत. सुरतेहून चौदा कोसांवर बारडोली, पुढे वालोड, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर आणि शेवटी बुऱ्हाणपूर, ही त्याची मालिका आजच्या वाचकासही ओळखीची वाटेल. नवापुराविषयी लिहिताना तेथील तांदळाला कस्तुरीचा गंध येतो, असे तो आवर्जून सांगतो. हिऱ्यांच्या व्यापारासाठी अर्धी पृथ्वी पालथी घालणाऱ्या या माणसाला पश्चिम खानदेशातल्या भाताचा वास लक्षात ठेवावासा वाटला, हे वाचून मला त्याच्याविषयी जिव्हाळा उत्पन्न होतो.

इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो याच वाटेने गेला. सप्टेंबर १६१५ मध्ये तो तापीच्या मुखाजवळील सुवाळीच्या बंदरात उतरला. ऑक्टोबरच्या अखेरीस त्याने सुरत सोडली, नोव्हेंबरच्या मध्यास तो बुऱ्हाणपुरास पोहोचला आणि जहांगीर बादशहाचा मुक्काम असलेले अजमेर त्याला दिसले ते डिसेंबरच्या चौथ्या आठवड्यात. उतरल्यापासून सुरतेतून बाहेर पडेपर्यंत जो महिन्याहून अधिक काळ गेला तो जकातीच्या झडत्या, नजराण्यांचे वाद, मानापमान आणि परवाने यांत गेला, आणि तोही प्रवासाच्या काळातच धरला पाहिजे.

पायी धावणारा माणूस या वाटांवर घोडेस्वाराच्याही पुढे जाई. ताव्हेर्निए सांगतो की, दर दोन कोसांच्या सुमारास डाकवाल्यांसाठी झोपडी असे, तेथे दौडत आलेला हरकारा पत्रांची थैली उंबऱ्यापाशी टाकून देई आणि दुसरा ती उचलून तत्काळ पुढे धावू लागे; थैली हातातून हातात देणे अपशकुनाचे मानले जाई. रात्री वाट चुकू नये म्हणून जेथे झाडांच्या रांगा नसत तेथे थोड्या थोड्या अंतरावर दगडांच्या राशी करून त्यांना चुना फासून ठेवण्याची जबाबदारी जवळच्या गावांवर असे. चुन्याच्या त्या राशी हे राज्यव्यवस्थेचे खरे लक्षण होय. ज्या परगण्यात त्या वेळच्या वेळी रंगविल्या जात तेथे सुरत जवळ होती, आणि जेथे ठाणेदार गाफील असे तेथे ती रातोरात दूर जाई.

या साऱ्या व्यवस्थेवर मोगलांचा जो विश्वास होता, त्याचीच परीक्षा १६६४ च्या जानेवारीत झाली. सुरत हे साम्राज्याचे सर्वांत श्रीमंत बंदर. त्याची जकात, त्याची टांकसाळ, वीरजी व्होरा आणि हाजी जाहिद बेग यांच्यासारख्यांच्या पेढ्या यांचा लौकिक इराण-अरबस्तानापर्यंत होता. असे असूनही नगराचा तट मातीचा आणि नाममात्र होता, व पाचशे शिपायांचा तनखा सरकारातून उचलणारा बंदराचा मुतसद्दी (कारभारी) इनायतखान ते शिपाई प्रत्यक्षात बाळगीत नसे. ही बेफिकिरी केवळ लोभातून आलेली होती असे मी मानीत नाही. तिच्यामागे अंतराविषयीचा एक ठाम समज होता. राजगडापासून सुरत सरळ रेषेत सुमारे ३४० किलोमीटरवर आहे, आणि घाट, रान व नद्या यांतून जाणारी वाट त्याच्या दीडपटीने तरी अधिक पडणार. शिवाय कोंढाण्याच्या पायथ्याशी मोगल सरदार जसवंतसिंहाची फौज वेढा घालून बसलेली. एवढे सारे ओलांडून कोणी आलाच, तरी त्याची वर्दी त्याच्या आधी आठ दिवस येईल, हा तो समज.

शिवाजी महाराजांनी नेमक्या या समजावर घाव घातला. सभासदाच्या बखरीत सुरतेची खबर आणणारा म्हणून बहिर्जी जासुदाचे नाव येते. म्हणजे फौज निघण्यापूर्वी वाट डोळ्यांखालून घातली गेली होती. चार हजारांच्या आसपास स्वार घेऊन महाराज नाशिक-त्र्यंबकाच्या बाजूने उत्तर कोकणात उतरले आणि जव्हार व रामनगर या संस्थानांच्या रानातून पुढे सरकले. जव्हारजवळच्या शिरपामाळावर तेथील राजाने महाराजांचे स्वागत केल्याची कथा त्या मुलखात आजही श्रद्धेने सांगितली जाते. या मार्गाची निवडच मोठी अर्थपूर्ण आहे. राजरस्ता टाळल्यामुळे बादशाही डाकचौकी वाटेत आली नाही, आणि जेथे चुन्याच्या राशी नव्हत्या तेथून चार हजार घोडी गेली.

५ जानेवारीच्या सकाळी (इंग्रजांच्या त्या काळच्या जुन्या पंचांगाप्रमाणे) सुरतेत खबर आली की मराठे गणदेवीस, म्हणजे अवघ्या अठ्ठावीस मैलांवर, आले आहेत. सायंकाळी ते उधन्यास, शहरापासून पाच मैलांवर होते. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, दोन प्रहरांच्या सुमारास महाराजांचा तंबू बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत उभा राहिला. वार्ता आणि फौज यांच्यामध्ये जे आठ दिवस असावयास हवे होते, तेथे एकच दिवस उरला होता. तापीपार पळण्यासाठी नावांवर झुंबड उडाली, इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला, आणि सर जॉर्ज ऑक्झेंडन याच्या इंग्रज वखारीसारखी एखाददुसरी जागा सोडली तर प्रतिकाराची बुद्धी कोणाला झाली नाही. चार दिवसांनी, रविवारी १० तारखेस, मोगलांची कुमक येत असल्याचे कळताच महाराजांनी कूच केले. लुटीचा आकडा एक कोटीच्या वर धरण्यात येतो. परंतु मला या मोहिमेतले सर्वांत मोठे द्रव्य ते वाटत नाही. दिल्लीच्या तख्तापासून सुरतेच्या मुतसद्द्यापर्यंत सर्वांच्या मनात नगर आणि सह्याद्री यांच्यामध्ये जे अंतर दृढ झाले होते, ते या मोहिमेने नाहीसे केले, आणि ते पुन्हा कधीही पूर्ववत झाले नाही. पक्का तट बांधण्याचे फर्मान सुटले ते यानंतर. तट ही अंतराची उणीव भरून काढण्यासाठी उभी केलेली वस्तू होती.

तट असूनही १६७० च्या ऑक्टोबरात महाराज पुन्हा आले. ३ ऑक्टोबरला ते सुरतेत शिरले आणि ५ ला निघाले. या दुसऱ्या खेपेत इतिहासाच्या अभ्यासकाने परतीची वाट अधिक बारकाईने पाहावी, असे मी सुचवीन. बागलाणातून, मुल्हेराच्या अंगाने, लुटीने लादलेली जनावरे घेऊन फौज सह्याद्रीच्या खिंडींकडे निघाली, आणि १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीपाशी मोगल सरदार दाऊदखानाने तिला गाठले. सुरतेपासून वणी सरळ रेषेत दीडशे किलोमीटरही नाही. तेवढ्याला बारा दिवस लागले होते. रिकाम्या घोड्याची मजल आणि भरल्या बैलाची मजल यांतला हा फरक मराठ्यांच्या सेनापतींना पुरा ठाऊक होता, आणि म्हणून वणी-दिंडोरीची लढाई ही केवळ शौर्याची गोष्ट न राहता पुढे गेलेला खजिना व मागे राहिलेली पिछाडी यांमध्ये वेळ मिळवून देण्याची गोष्ट ठरते. ती लढाई मराठ्यांनी जिंकली, खजिना कुंजरगडाच्या वाटेने स्वराज्यात गेला.

अठराव्या शतकात परिस्थिती उलटली. पिलाजी गायकवाडांनी १७१९ च्या सुमारास सोनगडास बैठक केल्यापासून मराठ्यांची सत्ताच सुरतेच्या दाराशी येऊन बसली. सुरत-अठ्ठाविशी परगण्यांच्या चौथाईसाठी पेशवे व गायकवाड यांचे कमाविसदार तेथे वावरू लागले. १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला इंग्रजांनी घेतला. त्यानंतर पुण्याहून सुरतेस जाणारा सांडणीस्वार वा जासुदांची जोडी मराठी ठाण्यांतूनच जवळजवळ नगरापर्यंत पोहोचत असे. आता दूर होते ते कलकत्ता, इंग्रजांच्या वरिष्ठ सरकारचे ठाणे. मार्च १७७५ मध्ये राघोबादादांनी इंग्रजांशी सुरतेचा तह केला, तो मुंबईच्या कौन्सिलाने वरिष्ठ सरकारची संमती न घेता केला. १८ मे रोजी अडासच्या मैदानात रक्त सांडून झाले, आणि हा तह अविचाराचा व अनधिकृत असल्याचा कलकत्त्याचा निर्णय लिहिला गेला तो ३१ मे रोजी. पत्रे जाण्यायेण्यास आठवडे लागतात हे मुंबईकर इंग्रजांना उत्तम ठाऊक होते, आणि उत्तर येण्यापूर्वी गोष्ट होऊन गेलेली असावी या हिशेबानेच ते वागले, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या मुळाशी हे टपालाचे अंतर आहे. पुढे वडगावच्या तहानंतर जनरल गॉडर्ड बंगालची फौज घेऊन बुऱ्हाणपुराहून निघाला आणि फेब्रुवारी १७७९ मध्ये तीन आठवड्यांच्या आत सुरतेत दाखल झाला. रोने पंधरवड्यात तोडलेली तीच वाट. तोफा आणि बाजारबुणगे घेऊन ती तीन आठवड्यांत तोडणे हा त्या काळी मोठाच पराक्रम मानला गेला, आणि ते यथार्थ होते.

समुद्रमार्गाविषयी फार लिहीत नाही. वारा अनुकूल असेल तर गलबत मुंबईस लवकर पोहोचे, नसेल तर लवकर पोहोचत नसे, आणि नारळी पौर्णिमेपूर्वी तर कोणी नांगर उचलीतच नसे. मात्र १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया हा सुरतेचा कसबी सुतार गोदी उभारण्यासाठी मुंबईस गेला, तेव्हापासून माणसांचा आणि भांडवलाचा ओघ एकाच दिशेने वाहू लागला. ईस्ट इंडिया कंपनीने आपली मुख्य गादी १६८७ मध्येच तिकडे नेली होती.

जमिनीवरचा मार्ग खऱ्या अर्थाने आखडला तो आगगाडीने. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा पहिला तुकडा १० फेब्रुवारी १८६० रोजी अंकलेश्वरपासून तापीच्या उत्तर काठावरील उतराणपर्यंत सुरू झाला, आणि २८ नोव्हेंबर १८६४ रोजी ही वाट मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत खुली झाली. सुरतेच्या दक्षिणेस मिंढोळा, पूर्णा, अंबिका, औरंगा, पार, दमणगंगा, वैतरणा आणि शेवटी वसईची खाडी, एवढी पाणी आडवी आहेत. पावसाळ्यात यांपैकी एकीला पूर आला की पूर्वीचा वाटसरू काठावरच्या देवळात आठ-आठ दिवस पडून राही. लोखंडी खांबांचे पूल टाकून ही सारी वाट त्या हंगामी आशंकेतून मुक्त केली गेली. सुरत ते मुंबई सेंट्रल हे लोहमार्गाचे अंतर २६३ किलोमीटर आहे, आणि त्याच दोन स्थानकांमधील सरळ रेषा सुमारे २४८ किलोमीटरांची. आगगाडी पक्ष्याच्या उड्डाणाहून पंधराच किलोमीटर अधिक चालते, इतकी ती वाट सरळ आहे. १९३७ पासून धावू लागलेली फ्लाइंग राणी ही गाडी सुरतकरांच्या दिनक्रमाचाच भाग झाली. पहाटे निघावे, मुंबईत व्यवहार करावा आणि रात्री घरी जेवावे, हे शक्य झाले.

या लोहमार्गाच्या आश्रयाने जुन्या हरकाऱ्यांचा एक वारस टिकून राहिला आहे, तो म्हणजे आंगडिया. सुरतेत पैलू पाडलेले हिरे मुंबईच्या बाजारात आणि तेथील कच्चा माल व रोकड सुरतेत रात्रीच्या गाडीने नेणारा हा माणूस कागदापेक्षा शब्दावर चालतो. चिठ्ठी साधी, पुडी साधी, आणि जोखीम लाखोंची. ताव्हेर्निएने वर्णिलेल्या हरकाऱ्याप्रमाणेच त्याच्याही धंद्याचे सारे मोल तो ठरल्या वेळी पोहोचतो यातच आहे.

आकाशमार्ग सुरतेच्या वाट्यास फार उशिरा आला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाचे विमान घेऊन अहमदाबादेवरून जुहूस आले. अहमदाबाद आणि जुहू यांना जोडणारी सरळ रेषा सुरतेच्या अगदी पश्चिमेकडून, तापीच्या मुखाजवळून जाते. पण विमानाला तेथे उतरण्याचे प्रयोजन नव्हते. पुढील कित्येक दशके हेच चालले. मगदल्ल्याची धावपट्टी राज्य सरकारने बांधली, मधूनमधून लहान विमाने आली आणि थांबली. नियमित सेवा २००७ मध्ये दिल्लीसाठी सुरू झाली. दिल्लीचे अंतर ९३५ किलोमीटरांच्या घरात आहे, आणि तेथे विमानाचा लाभ उघड दिसतो. मुंबईची सेवा मात्र कधी सुरू झाली, कधी बंद पडली. तासाभराचे उड्डाण, त्यापूर्वी तपासणीसाठी द्यावा लागणारा वेळ आणि दोन्ही टोकांना नगरातून विमानतळापर्यंतचा रस्ता, यांची बेरीज केली तर ती चार-साडेचार तासांच्या आगगाडीच्या जवळ जाऊन पोहोचते, आणि आगगाडी गावाच्या मध्यभागातून निघते. एवढ्या मोठ्या व्यापारी नगरास विमान उशिरा मिळण्याचे एक प्रमुख कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, मुंबईचे हे सान्निध्यच होय.

समुद्रापलीकडचा हिशेब निराळा आहे. सतराव्या शतकात सुरतेस मक्केचे द्वार म्हणत; हाजी घेऊन जाणारी जहाजे वसंताच्या आरंभी तांबड्या समुद्राकडे निघत आणि नैर्ऋत्येचा वारा धरून भाद्रपदाच्या सुमारास परतत. १६९५ मध्ये औरंगजेबाचे गंज-इ-सवाई जहाज मोख्याहून परतताना इंग्रज चाच्यांनी लुटले, तेही याच परतीच्या हंगामात. जहाज केव्हा येणार हे वाऱ्यामुळे सर्वांनाच आधी कळत असे, चाच्यांनाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरतेहून शारजाचे विमान सुरू झाले, आणि २०२३ च्या डिसेंबरात विमानतळास आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. शारजा सुमारे अठराशे किलोमीटरवर आहे आणि विमानास तीन तासांच्या आसपास लागतात. ज्या तापीमुखाशी जहाजे ऋतूची वाट पाहत, त्याच्याच दक्षिण अंगास ही धावपट्टी आहे.

बुऱ्हाणपुराच्या जुन्या वाटेचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापी खोऱ्याचा लोहमार्ग बांधला गेला, तो बारडोली, सोनगड, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा असाच गेला. रो आणि गॉडर्ड यांच्याच पावलांवर तो टाकला आहे असे वाटावे. मुंबईच्या मार्गातून तो जेथे फुटतो ते जंक्शन उधना. १६६४ मध्ये मराठ्यांचा शेवटचा मुक्काम पडला ते हे गाव आज सुरतेच्या यंत्रमागांचे आगर आहे, आणि उधना, लिंबायत, डिंडोली या वस्त्यांत खानदेशातून आलेली लाखो मराठी माणसे राहतात. मागावर बसणारा, रंगाईच्या कारखान्यात राबणारा आणि भाजीची गाडी लावणारा हा समाज अहिराणी बोलतो, गणपती बसवितो, आणि आखाजीच्या सणाला गावी जाण्यासाठी उधन्याच्या फलाटावर गर्दी करतो. या लोकांच्या येण्याजाण्याचा इतिहास अद्याप कोणी सलग लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही, आणि सुरतेच्या लुटीवर जेवढे कागद खर्ची पडले त्याच्या शतांशाने तरी तो लिहिला जावा, असे मला मनापासून वाटते. सकाळी उधन्याहून निघालेली सासुरवाशीण दिवस मावळण्याच्या आत अमळनेरला माहेरी पोहोचते. तेवढ्याच वाटेसाठी बादशहाचा परवाना जवळ असलेल्या इंग्लंडच्या वकिलास आठवड्याहून अधिक काळ लागला होता.